शत्रूचं विमान कशाला सांभाळायचं?

२०११ च्या उन्हाळ्यात मी धाकट्या बहिणीकडे लंडनला गेलो होतो. घरी पाहुणा आला की त्याला गाव दाखवण्याचं काम शाळकरी पोरांवर येतं. तसं ते माझ्या अकरा वर्षांच्या भाच्यावर आलं. त्याला विमानांचं विलक्षण वेड. राणीचा राजवाडा, मोठं घड्याळ, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे हे सगळं बाजूला ठेवून तो मला थेट हेंडनला घेऊन गेला. तिथं ब्रिटिश हवाई दलाचं म्युझियम आहे. कोलिंडेल स्टेशनवर उतरायचं आणि थोडं चालायचं. आत जायला तिकीट नाही.

एका मोठ्या हॉलमध्ये तो थबकला. समोर एक छोटंसं विमान उभं होतं. वरून वाळूच्या रंगाचं, खालून फिकट निळं. पाठीमागच्या धडावर एक पांढरा पट्टा, बाजूला जर्मन क्रूस, शेपटीवर स्वस्तिक आणि धडावर ठळक काळा सहाचा आकडा. ‘ब्लॅक सिक्स’ म्हणून हे विमान जगभर ओळखलं जातं, असं भाच्यानं मला सांगितलं. मग थोडा विचार करून त्यानं विचारलं, ‘मामू, हे तर हिटलरच्या लोकांचं विमान. त्यांनी लंडनवर किती बॉम्ब टाकले! मग शत्रूचं विमान इतकं जपून का ठेवलंय?’

मला उत्तर देता आलं नाही. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहिणं आणि वाचणं एवढाच माझा व्यवसाय म्हणा की व्यसन म्हणा. विमानातलं मला काय कळणार? पण पोरानं विचारलेला प्रश्न डोक्यातून जाईना. परत आल्यावर मी या विमानाविषयी मिळेल ते वाचत गेलो. जे समजलं ते आज तुम्हाला सांगावंसं वाटतं. कारण ही गोष्ट विमानाची असली तरी त्यात माणसंच जास्त आहेत.

आधी त्याची ओळख करून देतो. मेसरश्मिट बीएफ १०९ हे जर्मनीचं लढाऊ विमान. पहिलं उड्डाण १९३५ साली झालं आणि युद्ध संपेपर्यंत त्याची तेहेतीस हजारांहून अधिक विमानं तयार झाली. दुसऱ्या कुठल्याही लढाऊ विमानाची एवढी संख्या नाही. काळानुसार त्यात सुधारणा होत गेल्या आणि प्रत्येक सुधारित प्रकाराला एक इंग्रजी अक्षर मिळालं. आपलं विमान ‘जी’ प्रकारातलं. जर्मन वैमानिक त्याला लाडानं ‘गुस्ताफ’ म्हणत. आत डाइम्लर-बेन्झ कंपनीचं बारा सिलिंडरचं, सुमारे चौदाशे पंचाहत्तर अश्वशक्तीचं इंजिन. गंमत अशी की हे इंजिन उलटं बसवलेलं असतं, म्हणजे सिलिंडर खालच्या बाजूला. पेट्रोल कार्बोरेटरमधून न जाता पंपानं थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे वैमानिकानं विमानाचं नाक एकदम खाली दाबलं तरी इंजिन उचकी देत नसे. सुरुवातीच्या ब्रिटिश स्पिटफायरना हे जमत नव्हतं, आणि पाठलाग चुकवायला जर्मन वैमानिक याचा फायदा घेत.

पण याच विमानात एक मोठी खोड होती. त्याची चाकं पंखांना नव्हे, धडाला जोडलेली. दोन चाकांमधलं अंतर फार कमी. उडताना आणि उतरताना ते एका बाजूला ओढलं जाई, कलंडे. लढाईत मेलेल्या वैमानिकांचा आपण हिशोब ठेवतो. पण हे विमान नुसतं उतरवताना घायाळ झालेलेही काही थोडे नव्हते. ही खोड लक्षात ठेवा.

‘ब्लॅक सिक्स’चा कारखान्यातला नंबर १०६३९. लायपझिग शहरातल्या एर्ला या कारखान्यात ते १९४२ च्या शरदात तयार झालं. वाळवंटात पाठवायचं म्हणून इंजिनात हवा जाते त्या तोंडाशी वाळू अडवणारी गाळणी बसवली. ऑक्टोबरमध्ये ते उत्तर आफ्रिकेत दाखल झालं. जर्मनांच्या हवाई तुकड्यांमध्ये प्रत्येक लहान तुकडीला आकड्याचा एक रंग ठरलेला असे. या तुकडीचा रंग काळा आणि विमानाचा आकडा सहा. म्हणून ‘काळा सहा’. नाव ऐकायला भीतिदायक वाटतं, पण एस.टी.च्या बसला नंबर असावा तसाच हा प्रकार.

नेमकं त्याच वेळी आफ्रिकेतलं युद्ध उलटत होतं. २३ ऑक्टोबर १९४२ रोजी इजिप्तमधल्या अल अलामेनला मोठी लढाई पेटली. ४ नोव्हेंबरला जर्मन फौजा माघारी फिरू लागल्या. त्याच दिवशी लेफ्टनंट हाइन्झ ल्यूडेमान हा तरुण ‘ब्लॅक सिक्स’ घेऊन वर गेला होता. झुंजीत विमानाला गोळ्या लागल्या, त्याच्याही डोक्याला इजा झाली. तरी त्यानं विमान खाली आणलं. म्हणजे आफ्रिकेत येऊन पुरते पंधरा दिवसही झाले नसतील, तोच विमान जायबंदी. पुढं माघारीच्या गडबडीत जर्मनांनी ते लिबियातल्या गॅम्बुटच्या विमानतळावर सोडून दिलं.

हे गॅम्बुट टोब्रुकच्या पूर्वेला. टोब्रुक म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या घरांमध्ये आजही कुणाच्या तरी आजोबांची आठवण निघते. मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन, जिला ‘काली पांचवी’ म्हणतात, ती टोब्रुकच्या बंदोबस्ताला होती. २१ जून १९४२ रोजी टोब्रुक पडलं आणि ही पलटण जर्मन-इटालियन फौजांच्या हाती सापडली. पाचच महिन्यांत फासे उलटे पडले. त्याच मुलखात आता जर्मनांची सामग्री ब्रिटिशांच्या हाती येत होती. जूनमध्ये माणसं कैद झाली, नोव्हेंबरमध्ये विमान.

आणखी एक धागा माझ्या गावापर्यंत येतो. मी परभणीचा. आमचा मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात. निजामानं ब्रिटिशांना युद्धासाठी पैसे दिले, म्हणून ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ व्या स्क्वाड्रनला ‘हैदराबाद’ हे नाव मिळालं आणि तिच्या बिल्ल्यावर निजामाची पगडी आली. ही स्क्वाड्रनही स्पिटफायर घेऊन नोव्हेंबर १९४२ मध्येच उत्तर आफ्रिकेत उतरली. निजामाचा पैसा म्हणजे अखेर रयतेचा पैसा. आमच्या खेड्यांतल्या सारा भरणाऱ्या शेतकऱ्याला वाळवंटातल्या त्या विमानांविषयी काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण त्याच्या कापसा-ज्वारीतला एखादा पैसा तिथवर पोचलाही असेल.

असो. १३ नोव्हेंबरला ऑस्ट्रेलियन हवाई दलाची तिसरी स्क्वाड्रन गॅम्बुटला पोचली. तिचे प्रमुख होते बॉबी गिब्ज. त्यांना हे सोडलेलं विमान दिसलं आणि जणू लहान मुलाच्या हाती खेळणं पडलं. त्यांच्या मेकॅनिकांनी आसपास पडलेल्या मोडक्या विमानांचे सुटे भाग काढून ‘ब्लॅक सिक्स’ उभं केलं. काळा सहा पुसला, जर्मन क्रूस पुसला. त्यावर ब्रिटिश गोल रंगवले आणि स्क्वाड्रनची अक्षरं घातली : सीव्ही-व्ही. काही दिवसांतच गिब्ज ते घेऊन आकाशात गेले. विमान ऑस्ट्रेलियाला न्यावं अशी त्यांची फार इच्छा होती. पण वरिष्ठांचा हुकूम आला, विमान आमच्या ताब्यात द्या.

याच गिब्ज यांनी युद्धानंतर न्यू गिनी बेटावर स्वतःची छोटी हवाई कंपनी काढली. आणि डोंगरदऱ्यांत माल पोचवायला पन्नाशीच्या दशकात त्यांनी विमानं वापरली ती युंकर्स ५२, म्हणजे जर्मन लष्कर ज्यातून सैनिक आणि दारूगोळा नेत असे त्याच जातीची. २००७ साली ते वारले. लढाईतले वैरी आणि वैऱ्याची यंत्रं या दोन गोष्टी त्या माणसानं मनात वेगवेगळ्या ठेवल्या असाव्यात, असं मला वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, शत्रूचं एक विमान हाती लागलं तर त्यात एवढं काय? पण युद्धात अशा विमानाला मोठी किंमत असते. ते किती वेगानं वळतं, किती उंचीवर दमतं, वैमानिकाला मागचं दिसतं का, हे सगळं उडवून पाहिल्याशिवाय कळत नाही. ‘ब्लॅक सिक्स’ला म्हणूनच पॅलेस्टाइनमधल्या लिद्दा इथं नेऊन त्याच्या चाचण्या झाल्या. (लिद्दाचा तो विमानतळ म्हणजे आजचा इस्रायलचा बेन गुरियन विमानतळ.) मग पेटाऱ्यांत भरून त्याला बोटीनं इंग्लंडला पाठवलं. १९४३ च्या नाताळाच्या सुमारास ते लिव्हरपूल बंदरात उतरलं.

इंग्लंडमध्ये ब्रिटिश हवाई दलाची एक वेगळीच तुकडी होती, १४२६ क्रमांकाची. तिच्याकडे सगळी पकडलेली विमानं. जर्मन हवाई दलाला ‘लुफ्टवाफे’ म्हणतात, म्हणून लोक थट्टेनं हिला ‘राफवाफे’ म्हणत. या तुकडीचे वैमानिक जर्मन विमानं घेऊन ब्रिटिश आणि अमेरिकन तळांवर फिरत. तिथल्या पोरांना ती जवळून दाखवत, आवाज ऐकवत, त्यांच्याशी लुटुपुटीच्या झुंजी खेळत. उद्या खऱ्या लढाईत शत्रू दिसला तर क्षणात ओळखता यावा म्हणून. काम मोठं जोखमीचं. आतल्या पाट्या जर्मनमध्ये, सुटे भाग मिळायचे नाहीत आणि आपल्याच तोफा आपल्याला पाडतील ही धास्ती. त्यामुळे खालची बाजू पिवळी रंगवत आणि सोबतीला ब्रिटिश विमान देत. ‘ब्लॅक सिक्स’चं नाव आता झालं आरएन २२८. दीड-दोन वर्षांत त्या विमानाची ही तिसरी ओळख.

मे १९४५ मध्ये युरोपातलं युद्ध संपलं. आणि आपल्या विमानाचा खरा प्रवास इथून सुरू होतो.

युद्ध संपल्यावर पकडलेल्या विमानांचं कुणाला काय कौतुक? जी गुपितं काढायची ती काढून झाली होती. शिवाय जेट विमानं आली होती. बहुतेक पकडलेली विमानं भंगारात गेली, अ‍ॅल्युमिनियम वितळवून भांडीकुंडी झाली म्हणा ना. १९४५ च्या अखेरीला ‘ब्लॅक सिक्स’ही उडायचं थांबलं. पण पुढंमागं म्युझियमसाठी उपयोगी पडेल म्हणून काही मोजकी विमानं बाजूला ठेवली गेली, त्यात त्याचा नंबर लागला. पंख काढले, पेटाऱ्यात भरलं, आणि सुरू झाली एका डेपोतून दुसऱ्या डेपोत बदली. सीलँड, स्टॅनमोर पार्क, फुलबेक, वॅटिशम... सरकारी नोकराची व्हावी तशी. प्रत्येक बदलीत काहीतरी हरवत होतं. कधी एखादं झाकण, कधी एखादं घड्याळ. वॅटिशमला साठच्या दशकाच्या सुरुवातीला एका अधिकाऱ्यानं दुरुस्तीचा खटाटोप केला, पण तोही पूर्णत्वाला गेला नाही. मग विमान हेनलोच्या तळावर आलं.

त्याच सुमारास ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ या गाजलेल्या सिनेमाची तयारी चालू होती. तो १९६९ साली पडद्यावर आला. सिनेमातली जर्मन लढाऊ विमानं पाहून लोक थरारले. पण ती होती स्पेनमध्ये बनलेली, आणि त्यांच्यात इंजिनं होती ब्रिटनच्या रोल्स-रॉइसची! म्हणजे पडद्यावर सोंग घेतलेले मेसरश्मिट उडत होते, आणि युद्धात खरोखर लढून आलेला मेसरश्मिट सुटा होऊन शेडमध्ये पडला होता.

इथं मला माझे अब्बा आठवतात. परभणीत त्यांचं छोटं गॅरेज होतं. लोक त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांच्या आयुष्यातली लाडकी गाडी म्हणजे एक विलिस जीप. युद्ध संपल्यावर अमेरिकन आणि ब्रिटिश फौजांचा उरलेला माल आपल्याकडे लिलावात विकला गेला, त्याला लोक ‘डिस्पोजल’चा माल म्हणत. ही जीप तशीच हातोहाती फिरत एका जमीनदाराकडे आणि त्यांच्याकडून दुरुस्तीला अब्बांकडे आली. युद्धात तिनं काय काय वाहून नेलं असेल, देव जाणे. आमच्याकडे ती ऊस आणि वऱ्हाडी वाहायची. मी एकदा विचारलं, ‘अब्बा, ही लढाईतली गाडी ना?’ त्यावर ते आमच्या दखनीत म्हणाले, ‘बेटा, गाडी कू क्या मालूम, चलानेवाला कौन है.’

अब्बांची एक शिस्त होती. खोललेला प्रत्येक नट-बोल्ट डालड्याच्या रिकाम्या डब्यात, आणि डब्यावर खडूनं खूण. ते म्हणायचे, गाडी खोलणं सोपं, कोणता नट कुठला हे ध्यानात ठेवणं अवघड. पेटाऱ्यात सत्तावीस वर्षं पडून राहिलेल्या आणि दर बदलीत भाग गमावत गेलेल्या विमानाची हकिकत वाचताना मला ते डबे दिसत होते.

हे विमान ज्याच्या नजरेस पडलं तो माणूस म्हणजे रस स्नॅडन, ब्रिटिश हवाई दलातला वैमानिक. १९७२ साली त्यानं ते पाहिलं आणि वरिष्ठांकडे परवानगी मागितली : मी आणि माझे मित्र रिकाम्या वेळात हे जोडून पाहतो. परवानगी मिळाली. सप्टेंबर १९७२ मध्ये विमान लाइनमच्या तळावर आणलं. सुरुवातीला वाटलं होतं, वर्ष-दोन वर्षांचं काम आहे.

ते काम एकोणीस वर्षं चाललं.

पगार नाही, बक्षीस नाही. दिवसभर नोकरी करायची आणि संध्याकाळी, सुटीच्या दिवशी हँगरमध्ये येऊन गंज खरवडायचा. लाइनमहून १९७५ साली विमान लंडनजवळच्या नॉर्थोल्टला गेलं, १९८३ साली ऑक्सफर्डशायरमधल्या बेन्सनला. मदतीला येणारी माणसं बदलत गेली, स्नॅडन टिकून राहिला. न मिळणारे भाग शोधायचे तरी कुठं? ज्या देशानं ते बनवलं तिथंच विचारावं लागणार. जर्मनीतून मदत आली. ऑस्ट्रेलियात तिसऱ्या स्क्वाड्रनची जुनी मंडळी होती, त्यांच्या अल्बममध्ये गॅम्बुटचे फोटो होते. इंजिन गेलं रोल्स-रॉइसच्या ब्रिस्टॉलजवळच्या फिल्टनच्या कारखान्यात. ज्या कंपनीच्या इंजिनांनी युद्धात डाइम्लर-बेन्झच्या इंजिनांशी सामना केला, तिच्याच कारागिरांनी त्याचे पिस्टन साफ केले. आणि इतिहासाची गंमत पाहा, १९३५ साली पहिलंवहिलं मेसरश्मिट १०९ उडालं तेव्हा जर्मन इंजिन तयार नसल्यानं त्यात बसवलं होतं रोल्स-रॉइसचंच केस्ट्रेल इंजिन.

या शोधातून ल्यूडेमानचंही नाव पुढं आलं. तोवर हे नुसतं एक पकडलेलं विमान होतं. आता ते उडवणारा माणूस सापडला. पण त्याला भेटणं शक्य नव्हतं. डोक्याची जखम बरी झाल्यावर तो पुन्हा लढाईत गेला आणि १० मार्च १९४३ रोजी ट्युनिशियात मारला गेला. ‘ब्लॅक सिक्स’ सोडल्यावर तो जेमतेम चार महिने जगला. त्याचं विमान मात्र अजून आहे.

१७ मार्च १९९१ रोजी बेन्सनच्या धावपट्टीवरून रेग हॅलम या वैमानिकानं ‘ब्लॅक सिक्स’ वर नेलं. त्याच्या अंगावर पुन्हा वाळूचा रंग होता, पुन्हा काळा सहा होता. ब्रिटनच्या नागरी नोंदवहीत त्याला अक्षरं मिळाली होती जी-यूएसटीव्ही. जोडून वाचा, ‘गुस्ताफ’ होतं! मग ते डक्सफर्डला राहायला गेलं. तिथं इम्पीरियल वॉर म्युझियमची विमानं असतात. राफवाफेची ती १४२६ तुकडी १९४१ साली याच डक्सफर्डला स्थापन झाली होती. हवाई कसरतींच्या कार्यक्रमांत हजारो लोकांनी हे विमान पाहिलं. त्यात ज्यांनी कधीकाळी ते आकाशात पाहून तळघराकडे धाव घेतली असेल असे म्हातारेही असणार.

मुळात परवानगी होती तीन वर्षं उडवण्याची, नंतर कायमचं म्युझियममध्ये. मुदत वाढत वाढत १९९७ पर्यंत आली. १२ ऑक्टोबर १९९७, डक्सफर्डचा त्या मोसमातला शेवटचा कार्यक्रम. हे उड्डाण झालं की विमान निवृत्त होणार होतं. चालवायला होते सर जॉन अ‍ॅलिसन, हवाई दलातले अतिशय ज्येष्ठ अधिकारी. हवेत असताना इंजिन बिघडल्याची लक्षणं दिसली आणि त्यांनी ताबडतोब उतरायचं ठरवलं. पण विमान वेगात होतं, धावपट्टी पुरली नाही. डक्सफर्डच्या टोकाला एम-११ हा मोठा हमरस्ता आहे, भरधाव मोटारींचा. अ‍ॅलिसननी विमान कसंबसं त्या रस्त्यावरून पलीकडे नेलं आणि ते नांगरलेल्या शेतात टेकलं. चाकं मातीत रुतली आणि विमान उलटं पालटं झालं, पाठीवर.

अ‍ॅलिसन वाचले. रस्त्यावरही कुणाला इजा झाली नाही. पण एकोणीस वर्षं ज्यांनी त्याचा एकेक खिळा बसवला, त्यांना ते शेतात उताणं पडलेलं पाहून काय वाटलं असेल? अब्बांनी महिनाभर खपून उभी केलेली एक मोटार पहिल्याच दिवशी पुलाच्या कठड्याला धडकली होती. ते त्या दिवशी जेवले नव्हते. मालकावर रागावलेही नव्हते. नुसते बसून राहिले होते.

या अपघातानंतर एक वाद पेटला. तसा तो जुनाच. दुर्मीळ विमान उडवावं की जपावं? एक बाजू म्हणते, विमान उडण्यासाठीच असतं. उभं विमान म्हणजे पेंढा भरलेला पक्षी. त्याचा आवाज ऐकला, ते वळताना पाहिलं, तरच इतिहास कळतो. दुसरी बाजू म्हणते, उडवायचं तर झिजलेला भाग बदलावा लागतो. आज एक पत्रा नवा, उद्या एक नळी नवी. बदलत बदलत एक दिवस मूळ वस्तू उरतच नाही. आणि एका दुपारी सगळंच शेतात जाऊन पडतं.

खरं सांगतो, आधी मी पहिल्या बाजूचा होतो. मिस्त्रीचा मुलगा ना! बंद गाडी पाहिली की आम्हाला चैन पडत नाही. पण अब्बांच्या जीपचं शेवटी काय झालं? इंजिन बदललं, चासी बदलली, बॉडी नवी ठोकली. ती धावत राहिली, पण युद्धातून आलेली जीप कधीच संपून गेली होती. नंबर तेवढा जुना. वाहून नेण्याच्या गाडीला ते ठीक आहे. पण जी वस्तू काही सांगण्यासाठी ठेवायची, तिचं मूळ अंग शिल्लक राहायला हवं.

आणि ‘ब्लॅक सिक्स’ला जे सांगायचं आहे, त्यातला एक भाग कसरतींच्या कार्यक्रमात दिसत नाही. तो लायपझिगचा आहे. ज्या एर्ला कारखान्यात ते बनलं, तिथं पुढं १९४३ पासून बुखेनवाल्ड छळछावणीतले कैदी कामाला जुंपले गेले. त्यांना राबवायला कारखान्याजवळ वेगळी छावणीच उघडली होती. १८ एप्रिल १९४५ रोजी, अमेरिकन फौजा लायपझिगच्या दारात आलेल्या असताना, जे चालू शकत नव्हते अशा आजारी कैद्यांना पहारेकऱ्यांनी एका बराकीत कोंडून आग लावली. बाहेर पडू पाहणाऱ्यांना गोळ्या घातल्या. आपलं विमान त्याआधीचं, १९४२ चं. पण कारखाना तोच, आणि ज्या राजवटीनं ते बनवून घेतलं ती तीच.

हे वाचल्यावर अब्बांचं वाक्य मला अपुरं वाटायला लागलं. चालवणारा कोण हे गाडीला ठाऊक नसतं, हे खरं. म्हणून तर ते आपल्याला ठाऊक असावं लागतं. ऑस्ट्रेलियन मेकॅनिकांची हौस, स्नॅडनची एकोणीस वर्षं, रोल्स-रॉइसच्या कारागिरांचा हात, ल्यूडेमानचं कोवळं मरण आणि लायपझिगची ती बराक, हे सगळं एकाच पत्र्याला चिकटलेलं आहे. त्यातलं आपल्याला आवडेल तेवढंच ठेवून बाकीचं खरवडून टाकता येत नाही. स्नॅडनच्या माणसांनी ब्रिटिश रंग उतरवून मूळचा जर्मन रंग पुन्हा दिला, शेपटीवरचं स्वस्तिकसुद्धा रंगवलं. ते प्रेमानं नव्हे. जसं होतं तसं दाखवायचं म्हणून.

अपघातानंतर विमान पुन्हा दुरुस्त झालं, पण फक्त उभं करण्यासाठी. २००२ साली ते हेंडनला आलं, जिथं मी आणि भाच्यानं ते पाहिलं. पुढं त्याला श्रॉपशायरमधल्या कॉसफर्डच्या म्युझियममध्ये हलवलं. लायपझिग, लिबिया, पॅलेस्टाइन, लिव्हरपूल, इतके डेपो, इतके हँगर, आणि आता कॉसफर्ड. प्रत्येक मुक्कामावर त्याला कुणी ना कुणी भंगारात घालू शकलं असतं.

भाचा आता नोकरीला लागला आहे. मध्यंतरी तो कॉसफर्डला जाऊन आला आणि त्यानं मला विमानाचा फोटो पाठवला. मी फोन केला आणि म्हटलं, ‘तू लहानपणी हेंडनला एक प्रश्न विचारला होतास, आठवतं का?’ त्याला काहीच आठवत नव्हतं. मग मी त्याला सांगितलं : शत्रूचं विमान मोडून टाकलं असतं तर शत्रू कसा होता, तो कुणाच्या मेहनतीवर लढत होता आणि त्याची पोरंही कशी मेली, हे तुला मी कशावर बोट ठेवून सांगितलं असतं? विजयाची निशाणी म्हणून ठेवायचं तर तुकडाही पुरला असता. साक्षीला मात्र अख्खं विमान लागतं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मामू, लायपझिगचं मला माहीत नव्हतं.’

मी म्हटलं, ‘मलाही नव्हतं बाबा. तू विचारलंस म्हणून शोधलं.’